चावी फिरवली, ‘टक’ झालं, सेल्फ मात्र गप्प

पहाटे माल भरून निघायचं असतं आणि जुना पिकअप चावी फिरवल्यावर नुसता ‘टक’ करून थांबतो. शेजारी उभा असलेला कुणीतरी लगेच निदान करतो: “टक वाजतंय म्हणजे रिले चांगला आहे, सेल्फ उतरवा.” सल्ला ऐकायला पटतो, पण तो चुकीचा असू शकतो. रिले म्हणजे चावी आणि सेल्फ यांच्या मधला विजेवर चालणारा छोटा स्विच, आणि टक वाजवणारा रिलेही पूर्ण बाद असू शकतो. या एका गैरसमजापायी कितीतरी चांगले सेल्फ विनाकारण उतरवून रिपेअरला जातात.

इथे बोलेरो पिकअप, टाटा २०७ अशा १२ व्होल्टच्या जुन्या डिझेल गाड्या डोळ्यांसमोर आहेत. वायरिंग मॉडेलप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतं, तपासायची पद्धत मात्र तीच राहते.

सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर. थंड डिझेल इंजिन फिरवायला तिला काहीशे अँपिअर करंट लागतो. तो बॅटरीपासून जाड केबलने थेट सेल्फपर्यंत येतो आणि सेल्फच्या पाठीवर बसलेल्या सोलेनॉइडपाशी थांबतो. सोलेनॉइडला खूण मिळाली की तो आधी बेंडिक्सचं दातेरी चाक पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकवतो आणि मग आतली तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर दाबतो. त्यानंतर मोटर फिरते. ही खूण घ्यायला सोलेनॉइडला स्वतःलाही बराच करंट लागतो: ओढ घेताना क्षणभर ३० ते ४० अँपिअर, नंतर धरून ठेवायला १०च्या आसपास. एवढा करंट रोज चावीच्या स्विचमधून नेला तर स्विचचे पॉइंट जळतात. म्हणून मध्ये रिले बसवतात. चावीने रिलेला जेमतेम ०.१५ अँपिअर द्यायचा, रिलेने सोलेनॉइडला ३०-४० द्यायचा आणि सोलेनॉइडने मोटरला काहीशे.

रिलेच्या डबीत एकमेकांना न जोडलेल्या दोन गोष्टी असतात. एक बारीक तारेची कॉइल, तिची टोकं ८५ आणि ८६. दुसरी म्हणजे पॉइंटची जोडी, ३० आणि ८७. कॉइलला करंट मिळाला की ती चुंबक बनते, लोखंडी पत्ती खेचते आणि ३० व ८७ एकमेकांना टेकतात. तो ‘टक’ आवाज पत्तीचा. पत्ती हलली एवढंच तो सांगतो. पॉइंटवर काजळी धरली असेल, खड्डे पडले असतील, तर पत्ती रोज इमानदारीने टेकेल आणि तरी पलीकडे करंट जाणार नाही.

हे आकडे जर्मनीच्या डीआयएन ७२५५२ या मानकातले आहेत आणि बहुतेक रिलेंच्या बुडाशी पिनेजवळ कोरलेले असतात. ३० म्हणजे बॅटरीचा कायमचा प्लस, ८७ म्हणजे बाहेर जाणारी वायर. सोलेनॉइडवरच्या बारीक वायरच्या टर्मिनलला त्याच मानकात ५० म्हणतात. पाच पिनांच्या रिलेत मधली ८७ए असते. ती रिले बंद असताना ३०ला जोडलेली असते आणि सेल्फच्या कामात सहसा रिकामीच राहते.

एक सावधगिरी. इंटरनेटवर अमेरिकेतल्या जुन्या फोर्ड पिकअपचे व्हिडिओ भरपूर सापडतात. त्यात फेंडरच्या आतल्या बाजूला मोठा रिले असतो आणि मेकॅनिक त्याच्या दोन जाड बोल्टांवर स्क्रूड्रायव्हर टेकवून सेल्फ फिरवतो. तो रिले मोटरचा पूर्ण करंट वाहतो, आपला काडेपेटीहून लहान रिले फक्त सोलेनॉइडचा. व्हिडिओ पाहून आपल्या रिलेच्या सॉकेटमध्ये स्क्रूड्रायव्हर खुपसला तर सॉकेट वितळू शकतं.

आणि खूप जुन्या गाडीत हा रिले नसतोच. चावीच्या स्विचमधून निघालेली वायर सरळ सोलेनॉइडच्या ५०वर जाते. तिथे लक्षणं हुबेहूब हीच, फक्त जळतात ते स्विचचे पॉइंट. त्यामुळे आधी रिले आहे का, हे बघा.

आवाज नीट ऐका

बोनेट उघडा, एकाला चावीवर बसवा आणि आवाज कुठून येतो ते ऐका. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली दगड. हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा, कारण बॅटरीचा प्लस आणि बॉडी यांच्यामध्ये अंगठी अडकली तर बोट भाजतं.

काहीच आवाज नसेल तर कॉइलला करंट मिळत नाही किंवा कॉइल तुटली आहे. फ्यूज बॉक्सच्या बाजूने हलका ‘टिक’ आला आणि खाली सेल्फकडे शांतता असेल, तर पॉइंट, ८७ची वायर किंवा सोलेनॉइड यांपैकी एक. खालून जाड, ठोका मारल्यासारखा ‘ठक’ आला आणि मोटर फिरली नाही, तर रिलेने आपलं काम बहुधा केलेलं आहे. तिथे सोलेनॉइडची चकती, सेल्फचे कार्बन (मोटरच्या आत करंट पोचवणारे ब्रश) किंवा जाड केबल बघायची. आणि ‘टकटकटकटक’ अशी मशीनगन सुरू झाली तर रिलेकडे वळायच्या आधी बॅटरीकडे जा. सोलेनॉइड जोडतो, मोटर करंट ओढते, कमकुवत बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत वर येतो, पुन्हा जोडतो. असं चक्र चालू राहतं.

बॅटरी तपासायला दोनच आकडे लागतात. गाडी काही तास बंद असताना टर्मिनलवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा: सेल्फ मारत असताना तो ९.६च्या खाली जाता कामा नये. मीटर लावताना टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवरच लावा, क्लॅम्पवर नाही. खुंटीवर १२.५ आणि क्लॅम्पवर ९ असं दिसलं तर दोष त्या दोघांमधल्या पांढऱ्या-हिरव्या थरात आहे. गरम पाण्याने धुऊन, पॉलिश पेपरने घासून आणि घट्ट आवळून तो जातो.

रिले शोधणं आणि अदलाबदल

फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो, पण जुन्या गाडीचं झाकण बरेचदा हरवलेलं असतं किंवा दुसऱ्याच गाडीचं असतं. अशा वेळी एकाने चावी स्टार्टला फिरवायची आणि दुसऱ्याने एकेका रिलेवर बोट ठेवायचं. जो त्या क्षणी बोटाला ठोका देतो आणि चावी सोडल्यावर परत देतो, तो आपला. चावी नुसती ऑन केल्यावर ठोका देणारे हीटर वगैरेचे असतात, त्यांना वगळा. (एकही ठोका देत नसेल तर वायरच्या रंगावरून माग काढावा लागतो, म्हणजे सोलेनॉइडच्या ५०वरून उलटं वर यायचं.)

शेजारी हॉर्नचा किंवा हेडलाइटचा तसाच रिले असेल तर दोघांची अदलाबदल ही सगळ्यात स्वस्त परीक्षा. ‘तसाच’ म्हणजे काय, ते मात्र पाहायला हवं. पिना तेवढ्याच, त्यांचे आकडे त्याच जागी, १२ व्होल्ट आणि अँपिअरही तेवढेच किंवा जास्त. काही रिलेंच्या कॉइलला आत डायोड जोडलेला असतो. त्यात ८५-८६ उलटे झाले तर डायोड जळतो किंवा फ्यूज उडतो. रिलेच्या पाठीवरच्या चित्रात कॉइलशेजारी बाणासारखी खूण दिसली तर तो डायोड, लहान चौकोन दिसला तर रेझिस्टर. रेझिस्टरवाल्याला उलट-सुलट चालतं.

अदलाबदलीनंतर सेल्फ फिरला तरी काम संपलं असं समजू नका. रिले काढून परत दाबताना सॉकेटमधली सैल क्लिप तात्पुरती घट्ट बसते आणि गाडी चार दिवस चालते. म्हणून जुनाच रिले पुन्हा लावून बघा. त्यावरही सेल्फ फिरला तर दोषी रिले नाही, सॉकेट आहे.

सॉकेटमध्ये चार प्रश्न

रिले उपसून काढला की खाली चार खाचा दिसतात. खरं निदान इथे होतं. इथे मल्टिमीटरपेक्षा २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी जास्त खरं बोलतात. डिजिटल मीटर जवळपास काहीच करंट घेत नाही. वायरचे सगळे धागे तुटून एकच शिल्लक असेल तरी तो ऐटीत १२.४ दाखवतो. बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात, त्यामुळे तिथे तो मंद होतो किंवा पेटतच नाही.

पहिला प्रश्न, ३०च्या खाचेत प्लस आहे का? बल्बचं एक टोक खाचेत, दुसरं बॅटरीच्या मायनसवर. लखलखीत पेटला पाहिजे, चावी बंद असतानासुद्धा. काही गाड्यांत ही वायर चावीमागून येते, तिथे चावी ऑन करून बघा. मंद असेल तर फ्यूज, फ्यूजिबल लिंक (फ्यूजसारखी जळून तुटणारी वायर) किंवा मध्ये कुणीतरी मारलेला जोड शोधा. आपल्याकडच्या पिकअपमध्ये जास्तीचे लाइट, हॉर्न, टेप यांची वायर अशाच सोयीच्या प्लसवरून काढलेली असते, नुसता पीळ देऊन आणि वर टेप गुंडाळून.

दुसरा आणि तिसरा प्रश्न कॉइलच्या दोन टोकांचा. एका खाचेत चावी स्टार्टला नेल्यावर प्लस आला पाहिजे, दुसरीत अर्थ, म्हणजे बॉडीमार्गे बॅटरीचा मायनस, मिळाला पाहिजे. ८५-८६पैकी अर्थ कोणता, हे गाडीवर अवलंबून. दोन्ही खाचांमध्ये मीटर लावून चावी स्टार्टला न्या. बॅटरीएवढा व्होल्टेज दिसला तर चावीकडची बाजू सहसा ठीक. काहीच दिसलं नाही तर एकेक बाजू वेगळी तपासा. प्लस येत नसेल तर चावीचा स्विच, त्याचा कपलर किंवा क्लच पेडलवरचा स्विच. अर्थ मिळत नसेल तर बॉडीला मारलेला गंजका स्क्रू. नंतरच्या कॉमनरेल (इलेक्ट्रॉनिक डिझेल इंजेक्शनच्या) गाड्यांत कॉइलची एक बाजू ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सांभाळतो. तिथे बल्ब लावू नका, मीटरच वापरा. पावणेदोन अँपिअर ओढून ईसीयूचा आउटपुट जळू शकतो.

प्लस न येण्याचं एक कारण अलीकडे वारंवार सापडतं आणि ते गाडीच्या कुठल्याही नकाशात नसतं: जीपीएस ट्रॅकर. मालकाने किंवा आधीच्या मालकाने लांबून गाडी बंद करता यावी म्हणून बसवलेला ट्रॅकर स्वतःचा एक वेगळा रिले चावीच्या किंवा सेल्फच्या वायरमध्ये घुसवतो. डॅशबोर्डखाली टेपमध्ये गुंडाळलेला काळा डबा दिसला तर त्याच्या जोडणीकडे आधी बघा. सेकंडहँड गाडीत तर हमखास.

चौथा प्रश्न, ८७च्या खाचेपासून सोलेनॉइडपर्यंत वायर शाबूत आहे का? मीटर ओहमवर ठेवून ८७ ते बॅटरी मायनस मोजा. सोलेनॉइडची कॉइल जाड तारेची असल्याने मीटरच्या लीडचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा केल्यावर साधारण १ ओहम किंवा त्याहून कमी यायला हवा. मीटरने ‘ओपन’ दाखवलं तर वायर तुटलेली आहे किंवा ५०ची क्लिप निसटलेली. सायलेन्सरच्या पाइपाला टेकून ही वायर जळते, आणि सेल्फपाशी चिखल-पाणी बसून ती क्लिप हिरवी पडते. मासळीच्या बर्फाचं खारट पाणी ज्या गाडीतून रोज गळतं, तिथे तर आधी हीच क्लिप बघावी.

चारही उत्तरं बरोबर आली तर शेवटची परीक्षा. ३० आणि ८७च्या खाचा जोडायच्या. दोन्ही टोकांना खाचेत बसतील अशा चपट्या पिना लावलेली २.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या, मध्ये ३० अँपिअरचा फ्यूज टाका आणि एक-दोन सेकंदच जोडा. सेल्फ जोमात फिरला तर सोलेनॉइड, सेल्फ, केबल सगळं ठीक, रिलेच गेलेला. नाही फिरला तर दोष एकट्या रिलेचा नाही. हे करण्याआधी गिअर पुन्हा हलवून न्यूट्रल बघा. चावी बंद ठेवली म्हणून निश्चिंत राहू नका: ओढायच्या केबलने बंद होणारं जुनं डिझेल इंजिन चावीशिवायही सुरू होतं, आणि गिअरमध्ये असेल तर गाडी पुढे उभ्या माणसावर जाते.

टेबलावर रिले

१२ व्होल्टच्या रिलेची कॉइल ८५ ते ८६ मोजली तर साधारण ७० ते १०० ओहम दाखवते. ‘ओपन’ आलं तर कॉइल तुटली, फारच कमी आलं तर आत शॉर्ट. ३०० ओहमच्या आसपास आलं तर रिले खराब नसून चुकीचा आहे, २४ व्होल्टचा. मोठ्या ट्रकचे हे रिले दिसायला तंतोतंत सारखे असतात आणि दुकानाच्या एकाच ड्रॉवरमध्ये पडलेले असतात. २४चा रिले १२वर कधी खेचतो, कधी नाही, आणि मालक ‘नवा टाकला तरी तेच’ म्हणून सेल्फ उतरवतो.

आता पॉइंट. कॉइलला बॅटरीवरून १२ व्होल्ट द्या, टक वाजू द्या, आणि ३०-८७मधून ६० वॅटचा हेडलाइट बल्ब पेटवा. बल्ब पेटलेला असताना मीटर व्होल्टवर ठेवून ३० आणि ८७ या दोन पिनांमध्ये मोजा. चांगल्या रिलेत ०.०५ व्होल्टच्या आसपास दिसतं. ०.२च्या वर गेलं तर टाकून द्या. फक्त ५ अँपिअरला ०.२ व्होल्ट खाणारा पॉइंट सोलेनॉइडच्या ४० अँपिअरला दीड व्होल्टहून जास्त खाईल. नुसत्या ओहमवर मोजून हे कळत नाही, मीटर ०.२-०.३ ओहम दाखवेल आणि तुम्ही ते लीडचं समजाल. त्या ०.३मध्येच सगळा घोळ लपलेला असतो.

‘सकाळी सेल्फ मारतो, दुपारी गरम गाडी बंद केली की घेत नाही’ ही तक्रार याच जातीची. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो: २० अंशाला ८५ ओहम असलेली कॉइल ८० अंशाला १०५च्या घरात जाते. सोलेनॉइडच्या कॉइलचंही तेच. पॉइंट दीड व्होल्ट खातोय, वायर अर्धा खातेय, सोलेनॉइड तापून आळशी झालाय. थंडीत जे कसंबसं जमत होतं ते गरम झाल्यावर जमत नाही. अशा वेळी गाडी गरम असतानाच सोलेनॉइडच्या ५०वर, चावी स्टार्टला असताना, व्होल्टेज मोजा. बॅटरीच्या खुंटीवर त्या क्षणी जे असेल त्यापेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी दिसलं तर तो व्होल्ट वाटेत कुठेतरी जळतोय. पूर्ण व्होल्टेज मिळूनही सोलेनॉइड हलत नसेल, तेव्हा कुठे सेल्फ उतरवायची वेळ आली.

जाड केबललाही हीच रीत. सेल्फ मारत असताना बॅटरीच्या प्लस खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टापर्यंत ०.५ व्होल्टहून जास्त आणि मायनस खुंटीपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत ०.३हून जास्त दिसता कामा नये. इंजिन आणि चासी यांच्यामधली विणलेली अर्थपट्टी तुटलेली असली की करंट मिळेल त्या वाटेने परततो. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागत असेल तर वाट सापडली म्हणायची.

चावी सोडली तरी सेल्फ फिरतोच आहे

ही उलटी बिघाडी कमी वेळा होते, पण धोका हिच्यात जास्त. कमकुवत बॅटरीवर पुन:पुन्हा सेल्फ मारला की रिलेची पत्ती अर्धवट खेचते, थरथरते, प्रत्येक थरथरीला ठिणगी पडते आणि एक दिवस ३० आणि ८७चे पॉइंट वितळून एकमेकांना चिकटतात. इंजिन सुरू होऊनही बेंडिक्स बाहेर येत नाही आणि सेल्फ काही मिनिटांत जळू शकतो. आधी रिले उपसा. सेल्फ थांबला तर दोष रिले किंवा चावीत. चावी ऑन ठेवून ८५-८६च्या खाचांमध्ये मोजा: व्होल्टेज असेल तर स्विच अडकलाय, नसेल तर पॉइंट चिकटलेत. रिले काढूनही फिरतच राहिला तर सोलेनॉइडची चकती चिकटलेली. मग बॅटरीचा मायनस तोडण्याशिवाय उपाय नाही. ठिणगी पडेल, चेहरा बाजूला ठेवा. जुन्या पिकअपमध्ये यासाठी बॅटरी कट-ऑफ स्विच बसवून घेणं शहाणपणाचं.

नवा रिले घेताना जुना सोबत न्या. पिना, आकड्यांची मांडणी, १२ व्होल्ट, ४० अँपिअर, आतला डायोड किंवा रेझिस्टर, सगळं जुळवून घ्या. रिले बसवण्याआधी सॉकेटची ३० आणि ८७ची खाच बारकाईने पाहा. प्लास्टिक तपकिरी झालंय, क्लिप निळसर पडलीये, तर ती तापून आपली ताकद घालवून बसली आहे. अशा सॉकेटमध्ये नवा रिले काही महिन्यांत जुन्याच्या वाटेने जातो. क्लिप आवळून वेळ मारून नेता येते, पण खरं काम म्हणजे जाड वायरसकट नवं सॉकेट. क्लिप वायरवर नीट क्रिम्प केलेली हवी, नुसती पक्कडीने दाबलेली नको. पावसाळी भागात खाचेत डायइलेक्ट्रिक ग्रीसचा बारीक थर द्या. रिले फ्यूज बॉक्सबाहेर बसवायचा असेल तर पिना खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे वरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये साठत नाही. सगळं बसलं की एकदा सेल्फ मारताना ५०वरचा व्होल्टेज मोजून बोनेटच्या आत मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वेळी सेल्फ जड वाटला तर तुलना करायला तो आकडा हाताशी असेल.